डिकीतला दिवा

आठवडाभर गणिताच्या निवृत्त मास्तरांची गाडी रोज सकाळी नुसती कण्हायची. नवी बॅटरी बसवली, तर तीही रातोरात उतरली. मेकॅनिक म्हणाला, "काहीतरी गुपचूप वीज खातंय. झाकण लावल्यावर डिकीतला दिवा विझतो का, बघा."

पण झाकण लावल्यावर बघणार कोण? मास्तर हार मानणाऱ्यांतले नव्हते. जादा चाक बाहेर काढून, गुडघे पोटाशी घेऊन ते स्वतःच डिकीत शिरले आणि बायकोला म्हणाले, "लाव झाकण!"

तिने ते धाडकन लावलं.

"चालूच आहे! चोर सापडला!" आतून आरोळी आली.

"छान! आता किल्ली द्या, म्हणजे उघडते."

आतून बारीक आवाज आला, "किल्ली माझ्या खिशात आहे."

हसून हसून बायकोच्या पोटात दुखायला लागलं. शेवटी तिने मागची सीट आडवी पाडली आणि मास्तरांना बखोटीला धरून ओढून काढलं.

"अहो, तुमच्याऐवजी मोबाईल आत ठेवून शूटिंग केलं असतं तर?"

धूळ झटकत मास्तर म्हणाले, "स्वतःचे डोळे शाबूत असताना मोबाईलची साक्ष कशाला काढायची?"