बिनशिक्क्याची काच

मंडळी, आज लई थकलोय, पण हे तुम्हालाच सांगावं वाटलं.

माझ्या वडलांची, आप्पांची, जुनी टर्बो स्पोर्ट्स कार उमरग्यात आमच्या दारात उभी असते. आप्पा गेल्यापासून मीच ती सांभाळतोय. इंजिन, टर्बो, सीटचं कापड सगळं मूळचं. फक्त ड्रायव्हरच्या दाराच्या काचेवर कंपनीचा शिक्का नाही. शिक्क्याची काच शोधून शोधून मी मेटाकुटीला आलो होतो. आज ती कुरियरनं आली.

जुनी काच काढायला बसलो, तेवढ्यात आई बाहेर आली.

"ती कशाला काढतोस?"

"ओरिजिनल न्हाय, आई. कुणीतरी बदललीय."

"तुझ्या आप्पांनीच बदलली. तू लहान असताना येडशीला गाडीत कोंडला गेला होतास, चावी आतच राहिली. ऊन मरणाचं. तू रडायचा थांबलास, तसं त्यांनी दगडानं काच फोडली. हाताला टाके पडले त्यांच्या."

आप्पा याबद्दल कधी बोलले नाहीत. मी पाना ठेवला आणि पायरीवर बसून राहिलो.

काच बदलणार नाही. नवी कुणाला हवी असेल तर घेऊन जा.

तुमच्या गाडीत जे ओरिजिनल नाही, ते का बदललं, घरी कधी विचारलंय का?