नीरामाईची अर्धी वरात

इंदापूरच्या रज्जाकभाईंचं नाव आधी घेतो, बाकीचं मागून सांगतो. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. त्या दिवशी सांगवीच्या वेशीवर सगळा बँड थांबला, तेव्हा त्यांनीही क्लॅरोनेट तोंडातून काढलं असतं, तर रामभाऊ तात्यांविषयी लिहायला माझ्याकडे नुसती एक जुनी तक्रार उरली असती. माझी आई म्हणते, ज्याने हात दिला त्याचं नाव पहिलं, दुःख दुसरं. म्हणून हे असं.

तात्या गेले त्याला आता सहा आठवडे होतील. मी माळेगावात ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या वेल्डिंग करतो. एका ट्रॉलीखाली उताणा पडून पट्टी जोडत होतो, तेव्हा कुसुमकाकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, फोन आला. काकू कधी फोन करत नाहीत.  त्या शांतपणे म्हणाल्या, "च्या मागितला हुता, आन् च्या घेऊन येस्तवर तात्या गेलं. तू ये." मी तसाच मोटारसायकलवर बसलो. शारदानगरच्या पुढे लक्षात आलं, की वेल्डिंगची काळी काच अजून कपाळावरच आहे…

सात वर्षांपूर्वी मी किनवटकडून इकडे आलो. शाळा आठवीत सुटली होती, हातात वेल्डिंगचं काम होतं, आणि ओळखीचं इथे कुणीही नव्हतं. सांगवीत तात्यांच्या घराची मागची खोली भाड्याने मिळाली. पहिल्या रविवारी कपडे धुताना मी मोबाईलवर नीरामाई बँडची वरात लावली. आमच्या गावाकडे, इतक्या लांब, प्रत्येक लग्नात ती कॅसेट वाजायची. वडिलांच्या मांडीवर बसून मी ती ऐकलेली. पण हा बँड ह्याच गावचा, हे मला ठाऊक नव्हतं, आणि दारात येऊन उभा राहिलेला बनियनमधला म्हातारा त्या बँडमधला शेवटचा जिवंत माणूस आहे, हे तर स्वप्नातही नव्हतं. मी घाबरून विचारलं, बंद करू का? तात्या म्हणाले, "तू कशाला करतूस? कंपनीनं आदीच केलंय की बंद."

मग बसले आणि सांगायला लागले. पन्नास वर्षांपूर्वी हरिबा मास्तर आणि त्यांची चौदा माणसं पुण्याला गेली. एका कंपनीने त्यांच्या सात चाली ध्वनिमुद्रित केल्या. वरातीची चाल मास्तरांनी स्वतः बांधलेली, तिचे दोन भाग. पहिला नवरदेवाकडचा, सगळा धुरळा आणि नाच. वरात मांडवाच्या दाराशी आली की चाल उतरायची आणि दुसरा भाग सुरू व्हायचा, तो नवरीकडचा. त्यात ढोल नाही, ताशा नाही. एकटं क्लॅरोनेट, खाली दोन मोठी पितळी वाद्यं सूर धरून राहिलेली, आणि शेवटी झांजेचा एकच ठोका. नाचणारे आपोआप थांबायचे, म्हणे. नवरीची आई तेवढ्यात दारात यायची. पण तबकडीच्या एका बाजूवर जागा थोडी, म्हणून कंपनीने पहिला भाग संपला तिथेच कापलं. तात्या म्हणायचे, "नवरदेव ठेवला, नवरी ठेवली न्हाय." पुढे कॅसेट आली, सीडी आली, आता तर पेनड्राइव्ह, जागाच जागा. तरी दर दोन-चार वर्षांनी कंपनी नवं नाव, नवं चित्र घालून त्याच सात चाली पुन्हा काढायची, आणि वरात त्याच ठिकाणी कापलेली.

तात्या त्या बँडमध्ये झांज वाजवायचे. सगळ्यात कमी काम त्यांचं, असं मला वाटलं होतं. तसं बोलूनही गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, क्लॅरोनेटवाल्याला आपलंच ठाऊक असलं तरी चालतं, झांजवाल्याला सगळ्यांचं ठाऊक लागतं, कारण त्याला मोजत थांबायचं असतं. वरातीच्या पहिल्या भागाच्या शेवटी झांजेचा एक ठोका आहे. तबकडीवर तो अर्धाच ऐकू येतो. झांज वाजली, आणि तिची आस, म्हणजे ठोक्यामागे रेंगाळणारा नाद, सुटायच्या आत कात्री. तो अर्धा ठोका तात्यांच्या हातचा. नवा संच आला की ते पहिल्यांदा तेवढीच जागा ऐकायचे, ह्या वेळी तरी तो पुरा वाजेल म्हणून. मी शेजारी बसलेला असायचो. काप आला की ते डोळे उघडायचे आणि डबी कपाटात ठेवून द्यायचे. अशा डब्यांची एक अख्खी रांग होती. एकही फेकली नाही त्यांनी.

नीरामाईचं वेड असलेली आणखी माणसं आहेत, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. मोबाईलवर एक गट होता. कळसचे बापूराव, पेरूची बाग असलेले, त्यातले सगळ्यात तिखट. गेल्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, की मोठा सुवर्णसंच येतोय, त्यात 'आजवर न ऐकलेलं' असेल. झालं, गटात कुणाला झोप नाही. संच आला तेव्हा एका रविवारी दुपारी माळेगावात एका हॉटेलच्या मागच्या खोलीत सगळे जमले. कुणी भेळ आणली, कुणी स्पीकर. तात्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. सात चाली झाल्या, त्याच सात. मग आठवी सुरू झाली, सगळे पुढे सरकले… तर ती पहिलीच, मागे समुद्राच्या लाटांचा आवाज घातलेली. कुणीतरी स्पीकर बंद केला. मग बापूराव म्हणाले, "गूळ त्योच, नुसतं फडकं बदाललंय." त्यावर एकजण म्हणाला की लाटा तरी नव्या आहेत ना बापूराव, सांगवीला समुद्र आणला कंपनीने. हसले सगळे, पण ते हसू काही खरं नव्हतं. बापूराव संच परत पाठवायचं म्हणत होते, कुणी पत्र लिहायचं म्हणत होतं. पत्र ह्याआधी तीनदा गेलं होतं. मूळ ध्वनिफिती सापडत नाहीत, एवढं एकदा उत्तर आलं होतं. तात्यांनी भेळेतले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि मला म्हणाले, चल घरी.

खरी घाव घालणारी गोष्ट त्यानंतर महिन्याभराने झाली. कळसला बापूरावांच्या पुतण्याचं लग्न होतं, मी तात्यांना गाडीवर घेऊन गेलो. इंदापूरचा बँड होता. त्यांनी नीरामाईची वरात काढली, झकास वाजवली, आणि शेवटच्या ठोक्याला झांजवाल्याने दोन्ही झांजा झटकन छातीशी दाबून धरल्या. आवाज गुदमरला. नेमका तिथेच, जिथे तबकडीवर कात्री आहे. जेवणं झाल्यावर तात्या काठी टेकत त्या झांजवाल्याकडे गेले आणि त्यांनी विचारलं, का दाबलीस? तो आदबीने म्हणाला, "तात्या, चालच तशी हाय. कॅसेट ऐका तुमी, ती अशीच तुटती." शेजारी क्लॅरोनेट पुसत रज्जाकभाई उभे होते, त्यांनीही मान हलवली, की आमच्या उस्तादांनीही असंच शिकवलं. बारामती, इंदापूर, सगळीकडचे बँड ती चाल अशीच दाबून संपवत होते. कंपनीची कात्री ह्या लोकांनी हातात उतरवून घेतली होती, तीही मन लावून, रियाज करून.

तात्या आधी खूप हसले. रज्जाकभाईंच्या खांद्यावर हात ठेवून हसले.  सांगवीत गाडीवरून उतरल्यावर मात्र म्हणाले, "मी मेलो की ह्यो कापच खरा व्हनार. उद्या त्या क्लॅरोनेटवाल्याला बलीव."

मी इंदापूरला गेलो. मी कोण, वेल्डर, मला सा कुठला आणि रे कुठला ते कळत नाही, आणि मी एका कलावंताला सांगणार की तुम्ही शिकलात ते अर्धं आहे. रज्जाकभाईंनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि पुढच्या मंगळवारी स्वतः आले. त्यानंतर काम नसेल त्या दुपारी येत राहिले. तात्यांना कुठलंच वाद्य येत नव्हतं, झांज सोडून. पण सगळा बँड त्यांच्या तोंडात होता. पन्नास वर्षं मोजत थांबलेल्या माणसाने प्रत्येकाचं वाजवणं जसंच्या तसं ठेवलं होतं. क्लॅरोनेट ते नाकातून म्हणायचे. ट्रंपेटला कवळी लावायचे, खालच्या मोठ्या पितळी वाद्यांना कवळी काढून वाटीत ठेवायचे, कारण त्याशिवाय तो पोकळ आवाज निघत नाही. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. काकूंनी आतून दटावलं, हसू नगस, मला लगीन झाल्यापास्नं ह्योच बँड हाय. पण दुसरा भाग त्यांनी सुरू केला आणि माझं हसणं कुठे गेलं ते कळलं नाही. ओसरीवरच्या त्या बोळक्या तोंडातून, एकेक सूर घेऊन, मास्तरांचं क्लॅरोनेट बाहेर येत होतं. श्वास कुठे घेतला, कुठे मास्तर जरा रेंगाळले, सगळं. मी खिशात हात घातला. मोबाईलवर ते टिपून घेतलं, आणि तेव्हापासून ट्रॉलीखाली जाताना मोबाईल डब्यात, डबा पिशवीत, पिशवी खुंटीला, अशी माझी तऱ्हा झाली.

रज्जाकभाईंना चाल लवकर बसली. तात्या मात्र एकदाही बरोबर म्हणाले नाहीत. दर वेळी, घाई करतुयास. शेवटी एका दुपारी रज्जाकभाई वैतागून म्हणाले, "तात्या, शिकलो मी. पर वाजवू कुटं? लग्नात दुसऱ्या मिनटाला मानसं म्हंत्यात, नाचायचं लावा." तात्यांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि जागेचं नंतर बघू, आधी घाई सोड, एवढंच म्हणाले. ती शेवटची शिकवणी होती. नंतरच्या आठवड्यात काकूंचा फोन आला.

तात्यांच्या अंत्ययात्रेला सांगवीच्या आताच्या बँडची माणसं आपणहून आली होती. रज्जाकभाई इंदापूरहून मोटारसायकलवर आले, क्लॅरोनेट पाठीला बांधून. वेशीपाशी विसाव्याला तिरडी खाली ठेवली. बायका तिथवर येतात. बँडवाल्यांनी नीरामाईची वरात वाजवायचं ठरवलं, तेव्हा तात्यांचे एक चुलतभाऊ म्हणाले, मयताला लग्नाची चाल? काकू म्हणाल्या, "त्येंचीच हाय ती. वाजवा." मग तो सगळा धुरळा वाजला, ढोल, ताशा, ट्रंपेट. आणि शेवटच्या ठोक्याला झांजवाल्याने सवयीने झांजा छातीशी दाबल्या. संपलं. माणसं तिरडीला हात घालायला वाकली.

रज्जाकभाई थांबले नाहीत. एकटं क्लॅरोनेट खाली उतरलं. वाकलेली माणसं वाकलेलीच राहिली, मग हळूहळू सरळ झाली. मी तो भाग मोबाईलवर शेकडो वेळा ऐकला होता. तरी मला ते ठाऊक नव्हतं असं वाटलं. खाली सूर धरायला दुसरं वाद्य नव्हतं, कुणाला येतच नव्हतं. पण सूर पडत नव्हता. आणि घाई नव्हती. जराही नव्हती… ऊसतोडीचा एक ट्रॅक्टर मागे येऊन थांबला होता, त्याने इंजिन बंद केलं. मी झांजवाल्याच्या शेजारी सरकलो, त्याच्या कानात म्हणालो, अजून एक ठोका आहे, मी सांगतो. तात्यांच्या हिशोबाने बत्तीस मात्रा मोजायच्या होत्या. विसापर्यंत आलो आणि माझी मोजणी हरवली. घाबरून इकडे तिकडे बघितलं, तर समोर कुसुमकाकू. डोळे मिटलेले, अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. शेवटच्या पेरावर त्यांनी हात वर केला. मी झांजवाल्याला खूण केली. त्याने ठोका मारला, आणि झांजा दाबल्या नाहीत, उंच धरून ठेवल्या. ती आस किती वेळ राहिली मला सांगता येणार नाही. संपली असं वाटायचं आणि ती असायची. बापूराव, जे कुणालाच सोडत नाहीत, ते रडत म्हणाले, "येवढं हुतं व्हय फुडं…"

मी अजून त्याच मागच्या खोलीत राहतो. परवा कंपनीचा आणखी एक संच आला, तात्यांच्या नावाने, त्यांनीच आधी मागवून ठेवलेला. काकूंनी तो उघडला नाही. पदराने पुसला आणि कपाटातल्या रांगेच्या शेवटी ठेवला, जसे तात्या ठेवायचे. ओसरीवर आता दुपारी कुणी बसत नाही, पण मी कामावरून आलो की काकू आतून अजूनही दोन कप चहा ओततात, आणि दुसरा मला प्यायला लावतात.

रज्जाकभाई, तुम्ही त्या दिवशी क्लॅरोनेट पुसलंत आणि जेवायलाही न थांबता गेलात. आभार मानायला मी इंदापूरला आलो, तर तुम्ही म्हणालात, जागा तात्यांनीच दिली. पण वाजवणाऱ्याला जागा मयतीचीच का मिळावी? माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अजून ठरायचं आहे, पण एक दिवस ठरेल. तेव्हा किनवटपर्यंतचा सगळा रस्ता मी तुम्हाला मानाने नेईन. आमच्या मांडवाच्या दारात माझी आई येऊन उभी राहील आणि तुम्ही दोन्ही भाग वाजवाल, नवरदेवाचा आणि नवरीचा. मधे कुणी म्हणालं, नाचायचं लावा, तर त्याच्याशी बोलायला मी असेन. तुम्ही फक्त घाई करू नका.