उलटी शिफ्ट मागणारा आप्पा

धाग्याच्या कंपनीत शिफ्टचा तक्ता करण्याचं काम सव्वीस वर्षं माझ्या गळ्यात होतं. शनिवार उजाडला की माझ्या टेबलाशी रांग. याला मेहुण्याबरोबर दिवसपाळी हवी, त्याला गाववाल्याबरोबर रातपाळी हवी, तिसऱ्याला कुणीही चालेल पण अमका नको. सगळ्यांचं मागणं फिरून एकच, आपल्या माणसाबरोबर टाका. एवढ्या वर्षांत नेमकं उलटं मागणारा मला एकच भेटला, तो आप्पा. खोलीतल्या जोडीदाराचं नाव घेऊन तो म्हणायचा, "साहेब, रमण दिवसाला असेल तर मला रातीला टाका. रमण रातीला, तर मी दिवसाला. एकत्र नको."

मला वाटलं, दोघांचं वाजलंय. म्हटलं, "अरे, मग खोली बदल की!"

"खोली चांगली आहे, साहेब."

"मग रमण वाईट आहे का?"

"तोही चांगला आहे."

"मग घोडं पेंड कुठं खातंय?"

"खाट एकच आहे," आप्पा म्हणाला. "एक कामावर असला की दुसरा झोपतो. दोन खाटा मावत नाहीत."

हे मला पटलं. कामगार राहतात त्या आमलीतल्या खोल्या मी पाहिल्यात. सकाळी आठला गेलेला रात्री आठला येतो, तोवर त्याच्या अंथरुणावर दुसरा घोरत असतो. अर्धी आमली अशीच झोपते. मी मुकाट्याने दोन नावं दोन रकान्यांत लिहिली आणि पुढे पाचेक वर्षं लिहीत राहिलो.

आप्पा हे त्याचं खरं नाव नव्हे. दोंडाईच्याकडून आला तेव्हा जेमतेम बावीसचा असेल. नवीन पोरं पहिल्या दिवशी कँटीन कुठं ते विचारतात. यानं विचारलं, "साहेब, इथं जवळ दवाखाना कुठाय?" म्हटलं, काय झालं रे? म्हणाला, "काही नाही. पण मला काही झालं तर मागं तिघं आहेत." तिघं म्हणजे वडील आणि दोन बहिणी. आई नव्हती. बोलणं असं वयस्कर, खांद्यावर उपरणं, मग सगळे त्याला आप्पाच म्हणायला लागले. मीसुद्धा.

कशालाही त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, "आधी घरचं उरकू द्या." दमणला चल, आधी घरचं उरकू द्या. लग्नाचं बघ, आधी घरचं उरकू द्या. एकदा दाढ दुखून गाल भोपळ्याएवढा झाला तरी हेच. मी वैतागून म्हटलं, "अरे शहाण्या, दाढेचा आणि घरचा काय संबंध?" तर म्हणाला, "दाढ काढली की दोन दिवस पडावं लागतं, साहेब. थोरल्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे." लग्न झालं, मग तिचं बाळंतपण, मग धाकटीचं कॉलेज. शेवटी रमणनेच त्याला एका रविवारी ओढत नेऊन दाढ काढून आणली.

हा रमण सुरंगीचा. घर जवळ असून खोली करून राहायचा, कारण शिफ्ट सुटल्यावर सुरंगीला जायला वाहन मिळायचं नाही. बोलणं कमी, त्यात गुजराती जास्त, हसणं मात्र तोंडभर. आमची शिफ्ट रविवारी बदलते, त्या दिवशी मशीन थांबतात. म्हणजे या दोघांना एकमेकांचं तोंड निवांत दिसायचं ते आठवड्यातून एकदा. अशाच एका रविवारी मी त्यांना आमलीच्या बाजारात पाहिलं. आप्पा वांगी निवडत होता, रमण त्यातली एकेक परत टोपलीत टाकत होता. "ही किडकी." "तुला सगळीच किडकी दिसतात." "गेल्या वेळी कुणी आणली होती?" मी दहा पावलांवर उभा होतो. मी आणि माझी बायको पंचवीस वर्षं आमच्या टोकरखाड्याच्या भाजीवाल्यापुढे हेच भांडण भांडतोय. मला जे कळायचं ते तिथे कळलं. मी पिशवी उचलली आणि दुसऱ्या गल्लीने घरी गेलो.

बोललो कुणालाच नाही. पण पुढे एका रविवारी दोघांना घरी जेवायला बोलावलं. जेवणानंतर माझ्या मुलीने टीव्हीवर कसलासा सिनेमा लावला. दोन तरुण मुलगे, एकमेकांवर जीव. त्यातला एक जेवायच्या टेबलावर सगळ्या घराला उभं राहून सांगतो. आई रडते, बाप उठून जातो. मग बाप परत येतो, मिठी, शेवटी लग्न आणि नाच. माझी बायको डोळे पुसत होती. रमण तर सरळ रडत होता. आप्पाने खिशातला रुमाल काढून न बघता त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्या पोराला बहीण नाही वाटतं."

थोड्या वेळाने तोच पुन्हा म्हणाला, "आणि घरात जेवायला टेबल आहे. सगळे एकदम जेवायला बसतात. आमच्याकडे एक शेतावर, एक चुलीपाशी, एक शिफ्टला. उभं राहून सांगायचं कुणाला?"

ते गेल्यावर बायको माझ्यावर उखडली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही त्यांना दिवसरात्र वेगळं ठेवताय? हात कसे धजतात हो तुमचे?" म्हटलं, अगं बाई, तोच मागतो! पण ते मनाला लागलं. त्याच आठवड्यात रमण एकटा माझ्याकडे आला. जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, एक वार आम्हाला साथे शिफ्ट आपो ने." आप्पाला विचारलंस का, असं मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. दिवाळीच्या आधीचा शनिवार होता, अंगात दानशूरपणा आला होता. दोन्ही नावं एका रकान्यात लिहिली. नसती उठाठेव म्हणतात ती हीच.

आप्पा तक्ता वाचून माझ्याकडे आला, म्हणाला, "साहेब, हे काय केलं?" पण बदलून मागितला नाही. हे मला विसरता येत नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा त्याने स्वतःसाठी काहीतरी होऊ दिलं. महिनाभर दोघं गेटवर बरोबर यायचे, डबा एकच. आप्पा कँटीनमध्ये चक्क हसताना दिसला. म्हटलं, बरं झालं, एक तरी चांगलं काम झालं हातून.

मग त्याचे वडील आले. न कळवता. धाकटीची सोयरीक ठरली होती, ती तोंडाने सांगायची म्हणून म्हातारा रात्रभर एसटीत बसून आला होता. त्या आठवड्यात मीही रातपाळीला होतो. सकाळी आठला पाळी सुटली आणि आप्पा, रमण, मी असे तिघे गेटबाहेर पडलो, तर समोर धोतर-टोपीतले आबा. लेकाला बघून तोंड फुललं. माझ्या स्कूटरवर बसवून मीच त्यांना खोलीवर नेलं. रमणने चहा टाकला. आबा खाटेवर बसले, सोयरीक सांगितली, पोरगा चांगला, घर चांगलं. बोलता बोलता खोलीभर नजर फिरली. फोनवर त्यांना इतकी वर्षं सांगितलेलं होतं, एक खाट पुरते, आलटून पालटून झोपतो. आणि आता दोघं एकाच शिफ्टमधून बरोबर आलेले. आबांनी रमणकडे बघून अगदी काळजीने विचारलं, "मंग हाऊ कोठे झोपस?"

खाट एक असण्याला जे कारण होतं, ते मीच खोडून टाकलं होतं. मी घाईने म्हटलं, "खाली चटई टाकतो हो तो."

"नका साहेब," आप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "इथंच झोपतो, आबा. माझ्याजवळ. आम्ही दोघं बरोबर राहतो, नवराबायकोसारखं. पहिल्यापासून."

चहा उतू गेला तरी रमण हलला नाही. आबा बराच वेळ टोपी हातात घेऊन बसले. मग उठले. दारात म्हणाले, "पोरीचं लग्न होईपर्यंत हे पुन्हा तोंडातून काढू नको. लग्नाला ये. एकटा ये." दहाची गाडी पकडून म्हातारा आला तसा परत गेला. चहा घेतला नाही.

मी आप्पाची माफी मागितली. म्हटलं, मी चटईचं बोललो होतो, निभलं असतं रे. तो म्हणाला, "निभलं असतं. पण साहेब, बारा तास उभा राहून आलो होतो. खोटं बोलायलासुद्धा झोप झालेली लागते."

धाकटीचं लग्न झालं. आप्पा एकटा गेला, भाऊ म्हणून उभा राहिला, तिसऱ्या दिवशी परत आला. त्याला रजा मिळावी म्हणून तीन दिवस रमणने त्याची मशीन आपल्या मशीनबरोबर सांभाळली. आप्पाच्या बहिणीच्या लग्नाला रमणची हजेरी ती एवढीच. त्यानंतर घरून फोन यायचा तो बहिणींचा. आबा बोलत नसत. दोन वर्षं मी तक्त्यात नावं एकत्रच ठेवली. आता लपवायचं कुणापासून?

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका शनिवारी आप्पा टेबलाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. म्हणाला, "साहेब, पुन्हा उलटी शिफ्ट द्या."

मी भडकलोच. "आता काय झालं? भांडलात?"

"आबांना झटका आला. उजवी बाजू गेली. बहिणी आपापल्या घरी, गावाला बघणारं कुणी नाही. त्यांना खोलीवर आणलंय. एक जण सतत जवळ पाहिजे." आणि मग कसंनुसं हसून म्हणाला, "घरचं उरकू द्या म्हणत होतो ना? सगळं घर इथंच आलं."

मी पुन्हा दोन नावं दोन रकान्यांत लिहिली. आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की हिशेब बसत नाही. आमच्याकडे बदली माणूस मशीनवर उभा राहिल्याशिवाय पहिल्याला सुटता येत नाही. आप्पा खोलीतून निघणार पावणेआठला, रमण खोलीवर पोचणार सव्वाआठला. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, म्हातारा एकटा. तो अर्धा तास तक्त्यात कुणाच्याच नावावर नव्हता.

आता तो माझ्या नावावर आहे. निवृत्त माणसाला दुसरं काम काय? सकाळ-संध्याकाळ टोकरखाड्याहून स्कूटर काढतो. कंटाळा येतो, गुडघे दुखतात, बायको म्हणते जा, तुम्हीच घातलेला घोळ आहे. जातो. आबा त्याच खाटेवर असतात. हे दोघे खाली चटई टाकतात, एका वेळी एक. माझं ते खोटं असं खरं झालं. आप्पा आणि रमण पुन्हा पाळी बदलताना दोन मिनिटं भेटतात, किल्ली, औषधाचं काहीतरी, आणि एक आत, एक बाहेर. दोघंही इतके दमलेले असतात की बाजारात वांग्यांवरून भांडतसुद्धा नाहीत.

परवा सकाळी आप्पा वडिलांचं तोंड पुसून कामाला निघाला. दार लोटलं तसे आबा माझ्याकडे बघायला लागले. जीभ अजून नीट वळत नाही. दोनदा प्रयत्न करून म्हणाले, "दुसरा... कोठे शे?"

मी म्हटलं, "येतोय. सुटेलच आता."

सव्वाआठला रमण आला. अंगावर धाग्याचा कचरा, चालताना तोल जात होता. त्याने पाणी प्यायला तांब्या उचलला, तेवढ्यात खाट करकरली. आबा डाव्या हाताने खाटेची कड धरून, दात आवळून, स्वतःला भिंतीकडे ओढत होते. मी उठलो, म्हटलं, काय हवंय? त्यांनी मानेने नको म्हटलं. वीतभर सरकायला त्यांना चांगली दोन मिनिटं लागली. मग मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हात थोपटला आणि रमणकडे बघून म्हणाले, "झोप."