कण्यांची खरवड

सासूबाई गेल्या तेव्हा त्या घरात मला वर्षही झालं नव्हतं. तेरवीपर्यंत भाऊबंदांकडून ताटं येत राहिली. सासऱ्यांपुढे ताट ठेवलं की ते हात जोडायचे अन् उठायचे. कापसाचं गाठोडं एकट्याने उचलणारा माणूस, कोऱ्या चहावर राहून खाटेला खिळला. कळंबचे वैद्य नाडी पाहून म्हणाले, दुखणं काही नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर हे फार दिवस काढणार नाहीत.

पाहुणे पांगले अन् चूल माझ्या हाती आली. घरची माणसं वेचणीला गेली होती. मी चुलीवर गंजात ज्वारीच्या कण्या शिजत टाकल्या. तेवढ्यात वासरू सुटलं. त्याला बांधून येते तो कण्या खाली लागलेल्या, करपल्याचा वास घरभर. अन् दाराशी भिंत धरून सासरे उभे! मला धडकीच भरली.

"खाली लागलं काय?"

"हो मामाजी. चुकलंच माह्यं."

"चुकलं कायले? थे खरवड दे मले."

मी सराट्याच्या चपट्या टोकाने ती तांबूस खरवड सोडवली, ताटात ठेवून वर मीठ-तेल घातलं. ते खाली बसले, तिचे दोन तुकडे केले, एक बाजूला ठेवला अन् दुसरा चक्क खाऊ लागले.

"तुही सासू मुद्दाम लागू द्याची," ते म्हणाले. "अर्धी मले, अर्धी तिले."

मी थक्क झाले. चारचौघांत ही दोघं एकमेकांशी धड बोलायचीही नाहीत. अन् त्यांचा तो करपलेला गंज दरवेळी राखेने घासताना मी मनात सासूबाईंच्या वेंधळेपणाला नावं ठेवायची! शिऱ्या-पुरीला न हललेला माणूस एका करपलेल्या तुकड्यासाठी खाटेवरून उठून आला होता. अन्नात एवढं काय असतं, मला आजही उमगलेलं नाही.

उरलेल्या अर्ध्या तुकड्याकडे ते कितीतरी वेळ बघत बसले. आता पुन्हा हात जोडतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

"खाय, पोरी."

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर घास घेत नसे. मी पदर सावरला, तिथेच बसले अन् खाल्लं. कुरकुर आवाज व्हायचा, मला मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. ते मान खाली घालून ऐकत होते. मग म्हणाले, "उद्याही लागू देजो."