टाचेवरची काजळी

दिवाळी झाली की माझ्या नवऱ्याच्या अंगात येतं. मोबाइल घेऊन खाटेवर आडवा पडतो आणि मला एकेक ठिकाण दाखवत सुटतो. हे बघ, बर्फावरून घसरत जायचं. हे बघ, डोंगरावर तंबू, सकाळी धुक्यात चहा. मी भाकऱ्या थापता थापता म्हणते, "अहो, पीठ संपत आलंय, ते बघा आधी." पण खरं सांगते, माझीही नजर त्या बर्फावरच असते.

मी वडवणीची. आमच्याकडं हिवाळ्यात माणसं गाव सोडतात ती ऊस तोडायला. दसरा झाला की ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या, लेकरं चढतात आणि निम्मं गाव मोकळं होतं. मौजेखातर कुठं हिंडायला जाणं हे आमच्या भागात उशिरा आलं. आमच्या घरात तर आलंच नाही, आणि त्याला कारण माझी आई.

शाळेची सहल हिवाळ्यातच निघायची. वेरूळ, महाबळेश्वर, कुठं कुठं. आई दर वर्षी नाही म्हणायची. रडून बघितलं, जेवण टाकून बघितलं, बाईंना घरी आणून बघितलं. आईचं एकच. "तुला एकदा थंडी बाधलीय."

मला कधीच बाधली नव्हती. बाधली होती माझ्या आधीच्या मुलीला. ती आईची पहिली, सहा महिन्यांची. आईवडील तेव्हा नाशिककडं तोडीला गेले होते. कालव्याच्या कडेला उसाचा फड, आणि तिथंच पाचटाची कोपी करून राहायचं. पौषातल्या थंडीत पोरीला ताप भरला आणि ती गेली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरायच्या आधी टोळीतल्या एका म्हातारीनं तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेऊन तिच्या डाव्या टाचेला लावली. परत जन्माला आली तर ओळखू यावी म्हणून. पुढच्या साली मी झाले, आणि माझ्या डाव्या टाचेवर काळा डाग निघाला. सुईण ओरडलीच म्हणे, "आली गं बाई, परत आली!"

झालं. तेव्हापासून मी म्हणजे ती. आई पुन्हा तोडीला गेली नाही. थंडी पडली की मला कानटोपी, स्वेटर, वरून घोंगडी, मग मी भर उन्हात का बसलेली असेना. "कोपीत लई रडायचीस तू," असं आई मला सांगायची. अगं माझे आई, मी कोपी बघितलेली सुद्धा नाही! पण सांगणार कुणाला. पांघरुणात मी टाच चाचपून बघायचे. मला भ्या वाटायचं, की आत ती मेलेली पोरच आहे आणि मी नुसतं वरचं कातडं. लग्न झालं, मुलं झाली, तरी ते भ्या काही गेलं नाही. आई माझ्या तोंडाकडं बघायची तेव्हा ती कुणाला बघतेय, हे मला कधीच कळलं नव्हतं.

वडील गेल्यावर आई आमच्याकडं राहायला आली. यंदा नवऱ्यानं यादी वाचायला घेतली तेव्हा ती सुपात ज्वारी निवडत होती. बर्फ म्हटलं, "न्हाई." तंबू म्हटलं, "न्हाई." माझं डोकं फिरलं. "चाळिशी उलटली माझी! आता काय कानटोपी घालून सरणावर जाऊ? मी जाणार म्हणजे जाणार."

नवऱ्यानं घाईघाईनं पुढचं वाचलं. द्राक्षाच्या मळ्यात दोन दिवस राहायचं, घड तोडायचे, पायानं तुडवायचे, वाइन चाखायची. मग त्यानं गावाचं नाव वाचलं. आईचा हात सुपातच थांबला.

"तितून कालवा जातोय का, जावईबापू?"

त्यानं नकाशा बघितला. "जातोय की, मामी."

"मग मी बी येते."

संक्रांत झाल्यावर आम्ही गेलो. रिसॉर्ट देखणं होतं, तारांवर चढवलेल्या वेली पार डोंगरापर्यंत. एका कोटवाल्या पोरानं आम्हाला पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवलं. नवरा नाक बुडवून असा काही मान डोलवत होता, जणू वाइनच्या पिंपातच जन्मला. आईनं पेला हुंगला आणि खाली ठेवला. "आंबलंय हे. फेकून दे, बाबा." मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

मग द्राक्षं तुडवायचा खेळ. "खायच्या जिनसात पाय?" म्हणून आई बाजूला बसली. मी मात्र साडी खोचून पिंपात उतरले. काय सांगू, बोटांच्या बेचक्यांतून तो थंडगार रस वर यायचा आणि मी शाळेतल्या पोरीसारखी किंचाळत होते. माझी पहिली सहल होती ती!

बाहेर आले तेव्हा घोट्यापर्यंत पाय काळेजांभळे झाले होते. आई तांब्या घेऊन आली, माझ्यापुढं बसली आणि तिनं माझा डावा पाय मांडीवर घेतला. घासायला लागली. मला वाटलं धुतेय. ती धूत नव्हती, शोधत होती.

"दिसंना की गं," ती म्हणाली.

"आई, सोड. लोक बघायलेत."

ती ऐकेना. टाच लाल होईस्तोवर घासली. मग माझाही तोल गेला. "नसला डाग, तर काय मी तुझी कुणी नाही?"

तेवढ्यात रस उतरून डाग दिसायला लागला होता. आईनं तो बराच वेळ बघितला आणि माझा पाय खाली ठेवला.

सकाळी उठले तर आई खोलीत नव्हती. बाहेर एवढं धुकं की समोरची वेल दिसेना. कालव्याच्या रस्त्यावर ती सापडली, डोक्यावरून शाल, हातात स्टीलचा डबा. स्वयंपाकघरातून दूध मागून आणलं होतं.

"हितं सगळा ऊस होता," ती म्हणाली. "आता नुसत्या तारा. कसं वळखू मी?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही पाण्याच्या कडेनं चालत राहिलो. धुक्यात कुठंतरी एक तान्हं लेकरू रडत होतं. रिसॉर्टात उतरलेल्यांपैकीच कुणाचं तरी असणार, पण मी आईचा हात आणखी घट्ट धरला. आई थबकली, कान देऊन ऐकलं आणि त्याच बाजूला वळली. तिथं कालव्याची जुनी दगडी मोरी होती आणि मोरीला लागून लिंबाचं झाड. झाडाखाली फोटो काढायला रंगवलेल्या दोन खुर्च्या मांडलेल्या. आईनं एक खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी मटकन बसली.

"ही मोरी. हीच," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण काढलं.

चाळीस वर्षं जे गिळलं होतं ते तोंडातून बाहेर पडलं. "आई, ती परत आली ना? मी तीच ना? मग हे दूध कुणाला?"

आईनं दूध हळूहळू मातीत सोडलं. डबा रिकामा करून बाजूला ठेवला.

"म्हातारीनं आडवी रेघ वढलती," ती म्हणाली. "तुझा डाग गोल हाय. मला पैल्या दिशीच दिसलं. काल परत बघितला. गोलच हाय."

"मग इतकी वर्षं कावून सांगितलं नाहीस?"

"समदे म्हनले, आली. मी बी म्हनले, आली. न्हाईतर जगले कशी असते गं मी, तिला हितं एकटीला टाकून?"

मला तिचा राग आला, लई आला. आणि त्याच वेळी छातीवरचा दगड कुणी उचलावा तसं मोकळंही वाटलं. मी तिथंच गारठलेल्या मातीत बसले आणि ढसाढसा रडले. आई रडली नाही. तिनं ओली माती हातानं सारखी केली आणि वाकून तिच्याशी बोलायला लागली.

"बाय, लई येळ केला मी. ही बघ कोन आलीय संगं. ही तुजी धाकटी भईन."

मग माझ्याकडं वळली. "बघत काय बसलीस? पाया पड. थोरली हाय ती तुजी."

पदर सावरून मी चाळिशी उलटलेली बाई वाकले, आणि माझ्या सहा महिन्यांच्या थोरल्या बहिणीच्या पाया पडले.