बायकांच्या बाकावरचे साडू

आमच्या साडूंच्या पोटात कुठलीच गोष्ट राहत नाही. मग ती स्वतःची असो, बायकोची असो की म्हशीची. ताडकळसला त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक युरियाचं पोतं घ्यायला आलं तरी साडू आधी त्याच्या पोटाची चौकशी करणार, मग स्वतःच्या मूळव्याधीचं ताजं वर्तमान सांगणार, आणि तोवर आपण कशाला आलो होतो हेच ते बिचारं विसरणार. एकदा एसटीत शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी आपल्या बायकोला पाळी जाताना काय काय झालं ते सगळं ऐकवलं. तो माणूस खिडकीबाहेर बघत राहिला, पण पुढच्या बाकावरची म्हातारी वळून म्हणाली, "माझ्या लेकीलाबी असंच व्हायलंय बाबा, काय केलं हो तुमी?"

परभणीत बायकांच्या दवाखान्याबाहेर नवरे मोटारसायकलींवर बसून असतात. नंबर आला की बायको एकटी आत जाते. आमचे साडू मात्र थेट बायकांच्या बाकावर, दोन लुगड्यांच्या मध्ये अंग चोरून बसतात आणि नंबर आला की बायकोच्या आधी उठतात. एकदा नर्सने अडवलं, तर म्हणाले, "मी नवरा हाय बाई, रिक्षावाला न्हाई. बाहेर थांबून काय करू?"

मी नेमका उलटा. परभणीच्या कचेरीत कारकून, घरातलं काही उंबऱ्याबाहेर जाऊ नये, असं मानणारा. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या बायकोची गर्भपिशवी काढली. जखम भरली, ती कामाला लागली, पण मी जवळ गेलो की आक्रसून जाऊ लागली. का, हे मी विचारलं नाही. हिला आपण नकोसे झालो, असं मनाशी ठरवून टाकलं आणि पन्नाशीतला माणूस पोरासारखा रुसून बसलो. बोलणं भाजी-मिठापुरतं उरलं. अशात अधिक महिना लागला आणि पूर्णेहून, माझ्या सासरवाडीहून, धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. निघायच्या सकाळी बॅग भरता भरता ती म्हणाली, "जेवण झालं की तुम्ही एकटेच या परत. मी राहते आईकडं." किती दिवस, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

अधिकात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण समजून पाटावर बसवतात, ओवाळतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात. आम्ही दोन जोडपी शेजारी बसलो. सासूबाई म्हणाल्या, "भरवा एकमेकांला घास." साडूंनी बायकोच्या तोंडात अख्खा धोंडा कोंबला, तिने त्यांच्या पाठीत धपाटा घातला, सगळे हसले. माझ्या हातचा घास माझ्या बायकोनेही घेतला, पण माझं बोट ओठाला लागू नये इतक्या बेताने. साडूंचं हसणं तेवढ्यात थांबलेलं मी पाहिलं.

दुपारी ओसरीवर त्यांनी मला गाठलं. "पाव्हणं, बिनसलंय तुमचं."

"काही नाही."

"पिशवी काढल्यापासून का?"

आत भांडी घासण्याचा आवाज थांबला. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. "हळू बोला हो!"

"हळू बोलल्यानं काय दुखणं जातंय? आमच्यात दीड वर्ष हेच चाललं. मला वाटलं, हिला मीच आवडंना. फुगून शेतातल्या आखाड्यावर, खोपीत झोपायलो. मग डॉक्टरीणबाई म्हणल्या, आत कोरडं पडतंय, दुखतंय. दुखणार म्हणून ठाऊक असल्यावर मन कसं व्हईल? आन् वरून तुमी फुगलेले! फुगलेल्या माणसापाशी कुणाला यावं वाटंल?"

मला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. पण तोंडून भलतंच निघून गेलं. "तिला माझी किळस येते, साडूभाऊ."

"किळस?" दारात माझी बायको उभी होती, हात राखेने भरलेले. "मला दुखायचं. सांगावं म्हणलं, तर तुमचं तोंड भिंतीकडं. मग मला वाटलं, ह्यांना मी तेवढ्यापुरतीच लागत होते. आता तर मनच होत न्हाई. खरंच होत न्हाई. माझं मलाच भ्या वाटायलंय."

साडूंनी मांडीवर थाप मारली. "बरं झालं, निघालं बाहेर! उद्या परभणीला जाऊ डॉक्टरीणबाईकडं. मीबी येतो."

"तुम्ही कशाला, दाजी?"

"वळख हाय माझी तिथं. बायका जागा देतेत मला."

रडता रडता तिला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की पिशवीबरोबर बीजकोशही काढल्याने शरीर एकदम बदललं. दुखण्यावर मलम आहे, उपाय आहेत. "पण इच्छा आधी आणि जवळीक नंतर, असं दरवेळी नसतं. कधी जवळीक आधी यावी लागते. पूर्वीसारखं होईलच असा शब्द देत नाही. घाई करू नका." दुखणं हळूहळू कमी झालं. बाकीचं कधी असतं, कधी नसतं. नसतं तेव्हा ती तसं सांगते, आणि मग आम्ही बोलत पडतो. वाया गेलेली ती दोन वर्षं मात्र अजून मला टोचतात.

दिवाळीनंतर पूर्णेहून परभणीला रेल्वेने येत होतो. साडूही होते. गाडी सुटल्यावर माझ्या बायकोला डुलकी लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. चारचौघांत, पहिल्यांदाच. चहावाला ओरडत आला, तर साडूंनी हात करून त्याला थांबवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. समोर मोबाइल वाजवणाऱ्या माणसालाही खुणेनेच गप्प केलं. मग माझ्याकडे वाकून, जन्मात कधी काढला नसेल इतक्या बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "हात दुखायलाय का?"

मी नुसती मान हलवली, नाही म्हणून. दुखत होता.