बाळंतिणीच्या खोलीचं दार

शिरड शहापुरात कुणाच्या घरी बाळंतीण असली की नर्मदाबाई न बोलावता जायची आणि आधी खिडकी उघडायची. घरच्या म्हाताऱ्या कितीही बोंबलोत, ही ऐकेल तर शपथ! गावाला ते आता सवयीचं झालं होतं. पण हीच बाई एके काळी बाळंतिणीच्या उघड्या दाराला थरथर कापायची, हे नव्या सुनांना सांगूनही पटत नसे.

कारणही तसंच होतं. ब्याण्णव सालच्या थंडीत तिचं तिसरं लेकरू पाचवी पुजायच्या आतच गेलं. रीतच होती ती : बाजेखाली फुललेल्या कोळशाची शेगडी, खिडकीत कोंबलेलं पोतं आणि दार घट्ट लावलेलं, म्हणजे मायलेकरांना वारं लागू नये. नर्मदाबाईचं डोकं ठणकायला लागलं, पोटात ढवळलं. कशीबशी उठली, दार उघडलं आणि उंबऱ्यावर बसून ओकली. लेकरू बाजेवरच होतं. परत येऊन बघते तर हालचाल बंद. "हिनं दार उघडलं न् लेकराला वारं लागलं," बाया म्हणाल्या. झालं! त्या दिवसापासून ती बिचारी स्वतःलाच लेकराची वैरीण समजत आली.

पुढं थोरला सोमेश्वर फौजेत लागला आणि त्याला बर्फात पाठवलं. दोन हजार आठच्या जानेवारीत धाकटी प्रतिक्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तोही सुट्टीवर आला. येताना त्यानं दिल्लीतून एक पांढरा डबा आणला होता, मुठीएवढा, सेलवर चालणारा. बाळंतिणीच्या खोलीत तो लावताना बघून नर्मदाबाई हसली. "हे काय रे खेळणं?"

"खेळणं न्हाई, माय. बंद खोलीत कोळसा जळला की इषारी गॅस होतो. त्याला वास न्हाई, धूर न्हाई. आमच्या इथं दोघं जण तंबू बंद करून शेगडीपाशी झोपले, ते उठलेच न्हाईत. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मंग गुंगी येती. तसा गॅस झाला की हे वरडतं. वरडलं की काहून वरडून राहिलं ते बघत बसू नको. आधी माणसं बाहेर काढ. काय बी आणायला परत आत जायचं न्हाई. न् तडक दवाखाना गाठायचा."

नर्मदाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "मंग वारं लागून न्हाई मरत लेकरू?"

"अगं, दार उघडलं तर वाचतं."

ती उठून गोठ्यात गेली आणि म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून हमसून हमसून रडली. मग तोंड धुतलं, पोरीच्या बाजेखालची जागा झाडून घेतली आणि शेगडी माळ्यावर टाकली.

नातू झाला. सोमेश्वर सुट्टी संपवून गेला आणि पोरीची सासू, कौसाबाई, बाळ बघायला आली. बाजेखाली शेगडी नाही म्हटल्यावर तिचं डोकंच फिरलं. "ईनबाई, नातवाला गारठून मारता का माझ्या?" नर्मदाबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, पण पोरीला त्या घरात नांदायचं होतं. शेगडी खाली उतरली. खिडकी तेवढी उघडी ठेवायची, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्मदाबाई मागच्या अंगाला बाळाची दुपटी धूत होती. तेवढ्यात डबा किंचाळायला लागला. दुपटं तिथंच टाकून ती पळत आली. खिडकी बंद! शेगडीतले निखारे लालभडक, धुराचं नाव नाही. आणि कौसाबाई तो डबा गोधडीत गुंडाळून वर उशी दाबत होती. "लेकरू दचकून राहिलं याच्यानं!"

"माय, डोकं लई ठणकून राहिलं," प्रतिक्षा जड जिभेनं बोलली.

नर्मदाबाईनं एकही प्रश्न विचारला नाही. बाळ पदरात घेतलं, पोरीच्या बगलेत हात घातला आणि ओरडली, "ईनबाई, बाहेर निघा!"

"ओल्या बाळंतिणीला वाऱ्यात नेता? येड लागलं का तुमाला?"

पोरीला आणि बाळाला अंगणात उन्हात बसवून ती परत फिरली, दाराशी आलेल्या विहिणीचं उंबऱ्याबाहेरूनच मनगट धरलं आणि तिला चक्क ओढून काढलं. विहिणीला! शेजारपाजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. नर्मदाबाईनं हाक मारून शेजारच्या शेषरावाला जीप काढायला सांगितली.

कौसाबाई रागानं लाल झाली होती. "सरका. नातवाचं टोपडं आणते न् ती शेगडी बी बाहेर काढते."

नर्मदाबाई पायरीवर आडवी उभी राहिली. "आत पाऊल टाकायचं न्हाई."

"पोरगी नांदवायची न्हाई का तुमाला? सगळ्यांसमोर सांगते, मी न्हेणार न्हाई हिला!"

नर्मदाबाईचा आवाज हलला नाही. "नका नेऊ. जित्ती राहिली तर माझ्यापाशी राहील. पण आत जाऊ देणार न्हाई. तुमाला बी न्हाई."

जीपमध्ये कौसाबाई स्वतःच दोनदा ओकली. मग तिचं तोंड बंद झालं. वसमतच्या दवाखान्यात मायलेकरांना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर काढलं म्हणून दोघं हाती लागली. दिवस मावळता मावळता पोरानं दुधासाठी असा टाहो फोडला की नर्मदाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं.

दोघी विहिणी दवाखान्याच्या ओट्यावर बसल्या होत्या. नर्मदाबाईनंच सगळं सांगितलं, ब्याण्णवचं, गेलेल्या लेकराचं, आपण दार उघडल्याचं आणि बाया काय म्हणाल्या त्याचं. कौसाबाई खाली मान घालून ऐकत होती.

"माझी बी दोन लेकरं अशीच गेली, ईनबाई," ती म्हणाली. "मी तर दार उघडलंच नव्हतं."